बाळसं

मोठ्या माणसाच्या अंगावर चढते ती चरबी आणि लहान मुलाच्या अंगावर चढतं ते बाळसं. चरबी वाढते, बाळसं मात्र 'धरतं', झाड फळ धरतं तसं. गुटगुटीत, गुबगुबीत, गोंडस, अंगानं भरलेला, खात्यापित्या घरचा... जाड मुलासाठी मराठीत जेवढे शब्द सापडतात त्यातले बहुतेक कौतुकाचे आहेत. बारीक मुलाच्या वाट्याला येतात ते हडकुळा, किडकिडीत, खंगलेला, पाप्याचं पितर. (छत्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. शब्दाच्या पोटात इतिहास शोधायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

यातला 'खात्यापित्या घरचा' हा शब्दप्रयोग जरा थांबून ऐका. जिथं सगळीच घरं खातीपिती असतील तिथं तो जन्मालाच येणार नाही. आजूबाजूला न खाती घरं भरपूर असली, तरच एखाद्या पोराच्या गालावरून घराची कोठी ओळखता येते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात तशी घरं भरपूर होती.

इंग्रजी अमदानीत, १९२० च्या दशकात, शहरांतून 'बेबी वीक' साजरे होऊ लागले आणि वजनकाट्यावर बसवून बाळांना बक्षिसं मिळू लागली. पुढे गावोगावी 'सुदृढ बालक स्पर्धा' झाल्या. डब्यावरच्या चित्रातलं बाळ इतकं घरोघरी पोचलं की 'अगदी ग्लॅक्सो बेबी आहे हो' हे आमच्या पिढीच्या आयांना मिळालेलं सर्वात मोठं प्रशस्तिपत्र होतं. त्याच महाराष्ट्रात आज पेपर उघडावा तर मुलांच्या लठ्ठपणाच्या बातम्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची १.९ टक्के मुलं उंचीच्या मानानं जास्त वजनाची निघाली होती, २०१९-२१ च्या पाहणीत ४.१ टक्के. चार-पाच वर्षांत दुपटीहून अधिक. आणि त्याच पाहणीत, त्याच वयाची, वयाच्या मानानं बुटकी राहिलेली मुलं ३५.२ टक्के. म्हणजे तिसरं मूल नीट वाढलेलं नाही आणि पंचविसावं जाड आहे, अशी आपली स्थिती. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत असं मला अनेक वर्षं शिकवण्यात आलं. त्या उलट नाहीत, एकाच धाग्याची दोन टोकं आहेत, हे आज सांगायचं आहे.

लठ्ठपणाची कारणं विचारली की यादी ठरलेली असते. मोबाईल, पाच रुपयांचे पुडे, गोड पेयं, शिकवण्या, गेलेली मैदानं, अपुरी झोप. त्यातलं काहीही खोटं नाही. पण ही सगळी कारणं मूल जन्मल्यानंतरची आहेत. इतिहासाच्या बाईला पहिला प्रश्न पडतो तो 'केव्हापासून?' हा.

तर १८७६ पासून सुरुवात करू. त्या वर्षी दख्खनात पाऊस गेला. सोलापुरात आगगाडी १८६० मध्येच आलेली होती, म्हणजे धान्य आणायची सोय होती, विकत घ्यायची ऐपत नव्हती. सरकारनं दुष्काळी कामं काढली, रस्ते आणि तळी. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल दुष्काळाच्या कामी मुखत्यार म्हणून आले आणि काटकसर म्हणून मजुरी उतरवली. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. बायकांना त्याहून कमी. मुंबई इलाख्यातले हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी आला नाही, मी मात्र दरवर्षी सांगत असे. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रं लिहिली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी तर एवढ्या अन्नावर कष्टाचं काम करणारा माणूस तगणार नाही असं साहेबालाच सुनावलं. आता गणित करा. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. एवढ्या ज्वारीचे उष्मांक होतात पंधराशे-सोळाशे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८१ च्या शिरगणतीत सोलापूर जिल्ह्यात १८७२ पेक्षा माणसं कमी भरली. जुनी गिरणी सुरू झाली तीही १८७७ च्याच सुमारास. त्यापुढे १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा. प्रत्येक वेळी जगल्या-वाचलेल्यांची लेकरं पुढं झाली आणि त्यांच्या पोटी आम्ही.

१९७२ चा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिला. शिवाजी विद्यापीठाची बी.ए. नुकतीच हातात पडली होती आणि सांगोला तालुक्यातल्या एका गावात नोकरी लागली होती. लागोपाठ पाऊस हुकत गेला आणि बाहत्तर सालानं कळस केला. शाळेच्या पटावर पोरं होती, वर्गात नव्हती. ती आईबरोबर कामावर असायची. पाझर तलावाचं काम, आणि एका बाजूला खडी फोडायचं. बायकांच्या डोक्यावर घमेली, कडेला चुंबळ घातलेली कळशी, झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत तान्हं. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. थापताना तुटायची. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाल्लेल्या माणसांनी ती गिळली. कामावर सुकडी वाटत. पोरांना ती गोड लागे, ओंजळीत घेऊन कोरडीच खात. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्या कामांनी माणसं जगवली हे निर्विवाद. १८७७ सारखे मुडदे पडले नाहीत आणि पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तो यातूनच. वि. स. पागे यांचं नाव आमच्या भागात आजही आदरानं घेतात ते उगीच नाही.

पण कामावरच्या बायकांत पोटुशी किती होत्या, याची नोंद कोणी पाहिली? मला आठवतात त्या सातव्या-आठव्या महिन्यातही खडी फोडत असलेल्या. वर घरातल्या म्हाताऱ्या सांगत, 'पोटुशीनं पोटभर जेवू नये, मूल मोठं होतं, सुटका अवघड होते.' सल्ला क्रूर वाटेल. जिथं दवाखाना तीस मैलांवर आहे आणि अडलेली बाई बैलगाडीतच जाते, तिथं तो अनुभवातून आलेला होता.

इथून आपल्याला जरा लांब, हॉलंडला जावं लागेल. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणशी हजार उष्मांकांच्याही खाली, काही आठवडे त्याच्या निम्म्यावर दिवस काढावे लागले. युद्ध संपलं, लगेच अन्न आलं. आणि डच सरकारची कागदपत्रं शाबूत होती. त्या काळात पोटात असलेली मुलं एकोणीस वर्षांची होऊन सैन्यभरतीला आली तेव्हा सगळ्यांची उंची-वजनं नोंदली गेली. सुमारे तीन लाख तरुणांच्या त्या नोंदी तपासून १९७६ साली संशोधकांनी दाखवलं की आईची उपासमार गरोदरपणाच्या पहिल्या सहामाहीत झाली असेल तर त्या मुलांत लठ्ठपणा जास्त होता. शेवटच्या तिमाहीत आणि तान्हेपणी झाली असेल तर उलट कमी. म्हणजे भुकेला वेळ असते. कधी लागली यावर तिचं पुढचं वागणं ठरतं.

सोलापूरच्या १८७६ च्या किंवा सांगोल्याच्या १९७२ च्या बाळांची अशी नोंद नाही. पण पुण्याजवळच्या सहा गावांत, तेही दुष्काळी पट्ट्यातल्याच, एक काम झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात ते केलं. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जात. पाळी चुकली की नोंद होई, मग गरोदर बाई काय खाते, किती काम करते, सगळं लिहून घेत. अशा सुमारे आठशे बायका. सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास, उंची पाच फूट. शेतात राबणाऱ्या. आणि दिवसाचं खाणं? सतराशे ते अठराशे उष्मांक. टेंपलसाहेबाच्या मजुरीशी ताडून पाहा. एकशेवीस वर्षांनी, दुष्काळ नसताना, पोटात मूल असलेल्या बाईच्या ताटात दुष्काळी कामावरच्या गड्यापेक्षा फार तर एक भाकरी जास्त होती. (वर्गात हा तक्ता फळ्यावर मांडता आला असता तर! पण मी निवृत्त झाल्यावर हे वाचलं.)

बाळं जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोला जेमतेम टेकणारी. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. याज्ञिकांनी बाळांचे दंड, पोट, डोकं मोजलं आणि कातडीच्या घडीची जाडीही मोजली. आमच्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटाचा घेर कमी होता, पण पाठीवरची चरबी त्या मानानं घटलेली नव्हती. पाऊण-एक किलोनं हलकं असलेलं बाळ सगळं गमावून बसलं होतं, चरबी मात्र त्यानं राखून ठेवली होती. दिसायला हाडकुळं, आतून मेदाचं. २००३ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर 'थिन-फॅट बेबी' हा शब्द रूढ झाला. दुसऱ्याच वर्षी याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. फोटोत दोघेही सडपातळ दिसतात. आमच्या 'पाप्याचं पितर' या शब्दाची इतकी सुंदर फजिती दुसरी कोणी केली नसेल.

याज्ञिकांचा पुढचा शोध आणखी घरगुती आहे. त्या बायकांपैकी साधारण दोन तृतीयांश बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, अंडी, मांस-मासळीतून येतं आणि आमच्या घरात या गोष्टी बाईच्या ताटात सर्वात शेवटी पोचतात, पोचल्या तर. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम सर्वात कमी होत होता. मधुमेहाची वाट ती हीच. उलट, ज्यांनी गरोदरपणी पालेभाज्या, फळं, दूध वारंवार खाल्लं त्यांची बाळं मोठी जन्मली.

दिल्लीत १९६९ पासून नोंदलेल्या मुलांचा अभ्यास २००४ साली आला, तो याला जोडून वाचावा. तिशीच्या आतबाहेर ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वअवस्था आढळली, ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि त्यानंतर बारा वर्षांपर्यंत त्यांचं वजन इतरांपेक्षा भराभर चढत गेलं. बाराव्या वर्षीदेखील ते लठ्ठ नव्हते! शाळेतल्या कोणत्याही वजनकाट्यावर ती मुलं सापडली नसती. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत दहा ते एकोणीस वयाच्या दर दहा मुलांत एकाची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, हे वाचल्यावर मला त्या दिल्लीच्या मुलांची आठवण झाली.

इथं एक सावधगिरी. १८७६ च्या दुष्काळानं आजचा लठ्ठपणा आणला, असं कोणा संशोधकानं म्हटलेलं नाही. मधे पाच-सहा पिढ्या आहेत, आनुवंशिकता आहे, इतर शंभर गोष्टी आहेत. मी जोडते आहे तो धागा माझा आहे. पण टंचाईत घडलेलं शरीर सुबत्तेत आणून ठेवलं की ते साठवत सुटतं, एवढं तरी आता मानलं जातं.

आणि सुबत्ता आमच्याकडे अचानक आली. १९३० च्या दशकात माळीनगरला साखर कारखाना उभा राहिला होता, पण खरा ऊस आला तो १९८० मध्ये उजनी धरण पुरं झाल्यावर. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आज हा दुष्काळी जिल्हा बसतो. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या मंगळवेढ्याची मालदांडी महाग झाली, रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला. विडी वळणाऱ्या बायका दिवसाला हजार विड्यांच्या मागे असतात. पोर रडलं की नाणं देऊन दुकानाकडे पिटाळणं हाच त्यांच्याकडचा फावला वेळ. गिरण्या बंद झाल्या तशी चाळींपुढची मोकळी जागाही गेली. उपाहारगृहांतून असले पदार्थ विकू नयेत असा आदेश सरकारनं २०१७ साली शाळांना दिला. २०२५ मध्ये सीबीएसईनं शाळाशाळांत साखरेचे तक्ते लावायला सांगितले. चांगलं आहे. आमच्या नगरपालिकेच्या शाळांना उपाहारगृह नसतं, फाटकाबाहेर गाडा असतो.

गेल्या दिवाळीत एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वय बावन्न. तिचे वडील यंत्रमागावर काम मिळालं म्हणून सोलापुरात आले, तेव्हा ती माझ्या वर्गात दाखल झाली होती. तिचं मूळ गाव तेच, सांगोल्याकडचं. जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला. आई त्या पाझर तलावाच्या कामावर होती. चाळिशीतच हिला साखर लागली, तेव्हाही ही काटकुळीच होती. आता हिचा नातू, मुलीचा मुलगा, नऊ वर्षांचा, वजन पन्नासच्या पुढे. शाळेत पोरं त्याला 'ड्रम' म्हणतात. एका डॉक्टरांनी पोरासमोरच त्याच्या आईला झापलं, 'तुम्हीच खाऊ घालून बिघडवलाय.' विद्यार्थिनीचंही तेच मत. "बाई, लेकीला सांगून सांगून थकले. पोराच्या तोंडाला कुलूप नाही आणि हिला शिस्त नाही."

मी तिला तलावाची आठवण दिली. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातली सगळी बीजं तयार होतात. म्हणजे १९७३ च्या उन्हात तिची आई घमेलं वाहत होती तेव्हा पोटात ही होती, आणि जिच्या शिस्तीबद्दल आज तक्रार चालली होती त्या लेकीचं बीजही तिथंच होतं. तिघींचा शिधा एकच. मग दोष नेमका कोणाच्या शिस्तीला द्यायचा? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग जे विचारलं त्यानं मात्र माझ्या पोटात गोळा आला. "लेक परत गरोदर आहे, बाई. पाचवा लागलाय. हिला आतापासून कमी खायला सांगू का? पहिल्यासारखं व्हायला नको."

म्हाताऱ्यांचा तोच सल्ला, दुसऱ्या दारानं परत आलेला. शंभर वर्षांपूर्वी अडेल म्हणून, आता जाडेल म्हणून, पण ताट उणं करायचं ते पोटुशीचंच. मी तिला स्पष्ट सांगितलं की अजिबात नको. मेथी, शेपू, राजगिरा, जी भाजी स्वस्त असेल ती रोज. दूध आधी तिला, मग चहाला. खात असतील तर अंडी. पुडे आणि गोड पेयं बंद करायची तर सगळ्या घरानं करायची, एकट्या पोरानं नाही. त्याला संध्याकाळी खेळायला सोडा, अर्धपोटी ठेवू नका, आणि त्याच्यासमोर वजन हा शब्द काढू नका. मी काही डॉक्टर नव्हे. म्हणून एका चिठ्ठीवर बी-१२ असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि पुढच्या तपासणीला ती चिठ्ठी डॉक्टरीणबाईंना दाखवायला सांगितलं.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत १९९३ ते ९६ मध्ये मोजलेल्या मुली आता स्वतः आया झाल्या आहेत. त्यांना लग्नाआधीच, वयात येतानाच बी-१२ देऊन पाहावं, असा प्रयोग याज्ञिकांच्या चमूनं २०१२ साली सुरू केला आणि त्यांच्या बाळांचीही मोजमापं घेतली.

पंधरा दिवसांनी विद्यार्थिनीचा फोन आला. डॉक्टरीणबाईंनी लेकीचं रक्त तपासायला लावलं होतं. बी-१२ कमीच निघालं. "बाई, माझंही तपासून घेऊ का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, घे. नातवाचंही घे.